रुसायची पायरी

लग्न जमलं की आमच्याकडे दोन गोष्टी काढाव्या लागतात, मुहूर्त आणि भांडण. भांडण मांडवात नको, म्हणून ते आधीच बस्त्याच्या दिवशी कापडाच्या दुकानात उरकून घेतात. मी बारामती-इंदापूर पट्ट्यात आयुष्यभर बस्त्याच्या गादीवर बसून साड्या दाखवल्या. त्यामुळे साड्यांपेक्षा भांडणांचाच माझा अभ्यास जास्त झाला आहे. निवृत्त झाल्यावर आठवणी लिहा, असं बरेच जण म्हणाले. मी हसून सोडून दिलं. पण यंदा आमचं इंदापूरचं जुनं दुकान पाडायचं ठरलं, आणि मग जे काही घडलं ते लिहिल्यावाचून मला राहवेना.

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, एवढं सांगून भागणार नाही. साखरपुडा झाला की दोन्हीकडची मंडळी जीप, टेम्पो भरून एकाच दुकानात येतात. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा, नवरदेवाचा पोशाख मुलीकडच्यांनी. मग मानपान. आत्या, मामी, मावशी, करवली यांच्या साड्या, म्हाताऱ्यांची धोतरं, टोप्या, टॉवेल. त्यात मामीची साडी आत्याच्या साडीपेक्षा उजवी दिसली तर खेळ खलास. शेवटी सगळं कापड एका मोठ्या चादरीत बांधायचं, वर हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा आणि गाठोडं उचलायचं. बस्ता बांधला म्हणजे लग्न पक्कं. साखरपुडा मोडलेला मी पाहिला आहे. बस्ता बांधल्यावर लग्न मोडलेलं अजून पाहायचं आहे.

आमच्या दुकानाच्या पाटीवर मालकांचं लांबलचक नाव होतं. ते इथे लिहीत नाही, कारण ते कधी कुणी उच्चारलंच नाही. लोक म्हणायचे, पायऱ्यांचं दुकान.

दुकान काढणारे अण्णा आधी आठवडी बाजारात सायकलवर गाठोडं बांधून कापड विकत. बाजारात एकदा पावसाचं पाणी शिरून त्यांचा सगळा माल भिजला होता. त्याची त्यांनी अशी धास्ती घेतली की बारामतीत पहिलं दुकान बांधलं तेव्हा जोतं माणसाच्या छातीइतकं उंच घेतलं. पुढे रुंद ओटा आणि रस्त्यावर उतरणाऱ्या ऐसपैस दगडी पायऱ्या. आत पांढरीशुभ्र गादी, वर मालाचा लाकडी माळा आणि छपरात मध्ये मध्ये काचेची कौलं. ते दुकान चाललं, म्हणून तसंच इंदापूरला बांधलं, मग निमगाव केतकीला, माळेगावला, पणदऱ्याला. गवंडी एकच, नकाशाही एकच. माळेगावचं गिऱ्हाईक इंदापूरला आलं तरी न विचारता बरोबर टॉवेलच्या कप्प्यापाशी जाऊन उभं राहायचं. आज ज्याला दुकानांची साखळी म्हणतात ती आमच्या अण्णांनी कुठल्याही कॉलेजात न जाता उभी केली होती, आणि हे सांगताना माझी मान अजूनही थोडी ताठ होते.

मी लागले ती इंदापूरच्या शाखेत, साड्यांना फॉल लावायला आणि पिको करायला. गादीवर तेव्हा सगळे पुरुष. साडी कशी दिसते हे दाखवायला ते ती स्वतःच्याच खांद्यावर टाकायचे. मिशाळ माणसाच्या अंगावर भरजरी शालू बघून नवऱ्या मुली तोंडात पदर कोंबायच्या आणि खरेदी राहायची बाजूला. एके दिवशी अण्णा माझ्या मशीनपाशी येऊन म्हणाले, “शालन, उठ. तुझ्या खांद्यावर साडी बरी दिसंल.” पुढची कारकीर्द एवढ्या एका वाक्यावर झाली. गादीवर बसलेली आमच्या साखळीतली मी पहिली बाई. सुरुवातीला लोक माझ्याकडे बघून “कुणी माणूस न्हाय का दुकानात?” असं विचारायचे. पुढे तेच लोक आल्याबरोबर विचारायला लागले, “बाई हाईत का? मग बसतो.”

या धंद्यात कापड ओळखण्यापेक्षा शब्द ओळखणं अवघड. कंपनी खोक्यावर रंगाचा नंबर छापते. गिऱ्हाईक रंग सांगतं ते शेताच्या भाषेत. कवळ्या वाड्याचा हिरवा, म्हणजे उसाच्या शेंड्याचा. पिवळा पाहिजे, पण झाडावर पिकलेल्या केळीचा, पावडर मारलेल्या केळीचा नको. निमगाव केतकीचे रंगनाथआबा गावात शाखा असूनही दर वर्षी माझ्याकडूनच बायकोसाठी एक साडी न्यायचे. त्या मावशी कधी दुकानात आल्या नाहीत. एकदा त्यांनी आबांच्या खिशात आंब्याचं कोवळं पान घालून दिलं, हाच रंग आणा म्हणून. एसटीच्या गर्दीत, खिशातल्या उकाड्यात पानाचा पार पाचोळा झाला. आबांनी इमानेइतबारे तो पाचोळा माझ्यापुढे ठेवला, आणि मीही शोधून शोधून अगदी तसल्याच मातकट रंगाची साडी दिली. दोन दिवसांनी आबा परत हजर. या खेपेला बगलेत ओल्या पोत्यात गुंडाळलेलं आंब्याचं अख्खं रोप.

“बाई, आता सुकायचं न्हाय,” ते म्हणाले. “पर जरा बिगीबिगी बगा. म्हातारीनं परत लावायला सांगितलंय.”

ते रोप मी ओट्यावर उन्हात धरलं आणि एकेक साडी त्याच्याशेजारी लावून पाहिली. कोवळ्या आंब्याच्या पानात तांबूस झाक असते, ती ट्यूबलाइटखाली दिसत नाही. मावशींना साडी पसंत पडली. रोपही जगलं, असं आबा पुढे सांगत.

पण पायऱ्यांचा खरा उपयोग रंग बघण्यापेक्षा वेगळाच होता, आणि तो अण्णांनी ठरवून केलेला नव्हता. बस्त्यात कुणी ना कुणी रुसतंच. रुसणाऱ्याला तिथून उठून जायचं असतं, पण खरोखरचं जायचं नसतं. अशा माणसाला जागा लागते. घरात असता तर तो परसात गेला असता. दुकानात तो उठायचा, चपला पायांत सरकवायचा आणि पायऱ्यांवर जाऊन बसायचा. पाठ दुकानाकडे, तोंड रस्त्याकडे. आतल्यांना त्याची पाठ दिसत राहायची आणि त्याला आतला प्रत्येक शब्द ऐकू यायचा. वरच्या पायरीवर बसला तर राग कमी, खालच्या पायरीवर बसला तर जास्त. अगदी शेवटच्या पायरीवर बसून रस्त्यावर पाय सोडले असतील तर अण्णा स्वतः उठायचे.

रुसलेल्याची समजूत काढायचेही आमचे नियम होते. लगेच जायचं नाही, त्याचा अपमान होतो. आधी चहा पाठवायचा, तोही काही न बोलता. मग त्याच्या वयाच्या माणसानं एक पायरी खाली बसायचं, वर कधीच नाही. आणि साडीचा विषय काढायचा नाही. गुडघे, म्हशी, पाटाचं पाणी, काहीही चालेल. अण्णा म्हणायचे, “साडीवरनं कुणी रुसत न्हाय शालन. मला इचारलं न्हाय, म्हणून रुसतं.” इतक्या वर्षांत मला याला अपवाद सापडलेला नाही.

अण्णा गेले. गिऱ्हाइकं गाडीत बसून पुण्याला जायला लागली, नंतर फोनवर साड्या मागवायला लागली. आमच्या शाखा एकामागून एक मिटल्या. माळेगावच्या दुकानात आता मोबाइल मिळतात, पणदऱ्यात पशुखाद्य. निमगाव केतकीत ठिबकचे पाइप. त्या पायऱ्यांवर वेटोळी ठेवलेली असतात, ती बघवत नाहीत म्हणून मी एसटीत पलीकडच्या बाजूला बसते. बारामतीचं मूळ दुकान पाडून अण्णांची नात सायली हिने भिगवण रोडला चार मजली शोरूम बांधलं. सायली हुशार आहे, कष्टाळू आहे आणि माझ्यापेक्षा कमी बोलते, हा गुण मालकात असावाच लागतो. शोरूम तिनं छान केलं आहे. एसी, लिफ्ट, खाली पार्किंग. आत शिरायला पायरीसुद्धा नाही, काचेचं दार आपोआप सरकतं.

उरलं इंदापूर. मी निवृत्त झाले तोवर तिथे शाळेचे गणवेश, टॉवेल आणि टोप्या एवढाच माल राहिला होता. गादी गुंडाळून माळ्यावर टाकलेली. यंदा लग्नसराई संपली की जागा बिल्डरला द्यायची, असं सायलीनं ठरवलं. ती स्वतः माझ्या घरी येऊन सांगून गेली. “ताई, दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आले. मला वाईट वाटतंय, पण वाईट वाटण्यावर दुकान चालत नाही.” तिचं खरं होतं, म्हणून मला भांडताही येईना. मी चहा केला आणि तिला बिल्डर माणूस बरा आहे ना, एवढंच विचारलं. ती गेल्यावर मात्र मी ओक्साबोक्शी रडले. माझ्या आयुष्यातली निम्मी माणसं मला त्या पायऱ्यांवर भेटली होती.

पुढच्याच आठवड्यात सायलीचा फोन आला. आवाज रडकुंडीचा.

शोरूममध्ये एक बस्ता फिसकटला होता. मुलगी प्राजक्ता, आमच्या निमगाव केतकीच्या रंगनाथआबांची नात. मुलगा पणदऱ्याचा. मुलाची आई तो लहान असतानाच गेली, त्याला त्याच्या आत्यानं वाढवलं. कौसाआत्या. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. शालू डाळिंबी घ्यायचा, हे साखरपुड्यातच दोन्हीकडून ठरलं होतं. सगळे डाळिंबी, डाळिंबी म्हणत खूश होते. शोरूममधल्या मुलीनं गडद लाल शालू उलगडला. कौसाआत्या म्हणाली, “हीच ती!” आणि त्याच क्षणाला आबा म्हणाले, “ही कुटली डाळिंबी?”

चूक कुणाचीच नव्हती. आमच्या इंदापूर तालुक्यात डाळिंबी हा एक रंग नाही. आबांची बाग जुनी, गणेश जातीची. त्या डाळिंबाचे दाणे फिके गुलाबी, ओठांच्या रंगाचे. नंतर सगळीकडे भगवा नावाची जात आली, तिचे दाणे रक्तासारखे लाल. आबांच्या वयाचा माणूस डाळिंबी म्हणाला की गुलाबी समजायचं आणि त्यांचा मुलगा म्हणाला की लाल. हे आम्ही गादीवरचे लोक गिऱ्हाइकाचं वय बघून ओळखायचो, आणि तरी माझाही अंदाज अनेकदा चुकला आहे. शोरूममधल्या मुलीला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

तिथवरही ठीक होतं. पण आबांना हुशारी सुचली. ते हसून म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. उसाच्या गावाला डाळिंब काय कळणार!”

पणदरे म्हणजे उसाचं गाव. कौसाआत्या उठली. उठून बसायला कुठे जागा नव्हती. ती लिफ्टमध्ये शिरली, दार मिटलं, लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरली. तिथे रिक्षा उभी होती. आत वरच्या मजल्यावर मंडळी एकमेकांची तोंडं बघत होती, तोवर आत्या एसटी स्टँडवर पोचलीसुद्धा. घरी जाऊन तिनं फोन बंद केला. आत्याशिवाय बस्ता बांधायचा नाही, असं मुलगा म्हणाला. अपमान आमचा झाला, असं आता दोन्हीकडचे म्हणत होते आणि लग्न लोंबकळत पडलं.

“मी स्वतः पणदऱ्याला जाऊन आले ताई,” सायली म्हणाली. “पाया पडले. त्या यायला तयार आहेत, पण शोरूमला नाही. काय म्हणाल्या माहितीये? ‘मला पायरी पायजे. आत यायचं का न्हाय ते मी पायरीवर बसून ठरवीन.’ मी म्हणाले बारामतीच्या पायऱ्या आता नाहीत. तर म्हणाल्या, मग इंदापूरला चला.”

मला हसू आवरेना. सायलीला वाटलं मी रडते आहे.

बस्त्याच्या दिवशी मी सकाळीच दुकान गाठलं. गादी माळ्यावरून खाली घेतली, उन्हात झटकली, धुतलेल्या चादरी घातल्या. पायऱ्या घासून घेतल्या. सायली बारामतीहून टेम्पोत शालू घेऊन आली आणि तिनंही झाडू हातात घेतला. मंडळी यायला लागली. कौसाआत्या सगळ्यांच्या शेवटी आली. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात पिशवी. तिनं दुकानाकडे नीट बघून घेतलं आणि रस्त्यापासून तिसऱ्या पायरीवर, पाठ आत करून बसली. राग मध्यम, मी मनात म्हटलं.

चहा पाठवला. थोड्या वेळानं मी जाऊन एक पायरी खाली बसले.

“गुडघं काय म्हणत्यात?” मी विचारलं.

“गुडघ्याला काय धाड भरली? माणसंच दुखत्यात.”

मग आम्ही म्हशींवर बोललो. तिच्याकडच्या म्हशीला रेडकू झालं होतं. पाटाच्या पाण्यावर बोललो. रस्त्यानं जाणारी एक ओळखीची बाई थांबली, तीही बसली. बऱ्याच वेळानं आत्याच म्हणाली, “माज्या भावजयीचा शालू म्यां काढला हुता. असाच पायरीवर आणून बगितला हुता, बारामतीला. लाल. डाळिंबाच्या दाण्यावानी. लेकराला आईचा चेहरा आठवत न्हाय बाई. पर त्यो शालू आठवतो. त्याची वाकळ शिवली म्यां, ती पांघरूनच झोपायचा त्यो.”

आत गादीवर सगळं ऐकू जात होतं. आबा काठी टेकत बाहेर आले आणि माझ्याही खालच्या पायरीवर, म्हणजे जवळजवळ रस्त्यातच बसले.

“आक्का, चुकलं माजं,” ते म्हणाले. “जीभ घसरली. माजी म्हातारी गेली तवापसनं गणेशची बाग बी गेली. म्यांच उपटली, दुसरी लावली. म्हटलं नातीच्या अंगावर तरी त्यो रंग बगावा.”

कौसाआत्यानं पदरानं डोळे टिपले. “मग तसं म्हणायचं व्हतं की वो आबा. उसावर कशाला घसरलात?”

सगळे हसले. “आता मिटलंच, दोन शालू आणा बाहेर, एक लाल, एक गुलाबी,” मी हाक दिली. दोन्ही ओट्यावर उन्हात उलगडले. आबा म्हणाले लाल घ्या, आत्या म्हणाली गुलाबी घ्या, आणि या नव्या भांडणात सगळ्यांना मजा यायला लागली. जाणारे-येणारे थांबले. शेजारचा केशकर्तनालयवाला दाढी अर्धी टाकून मत द्यायला आला.

तेवढ्यात प्राजक्ता गादीवरून उठली. चपला घातल्या. ओट्यावरचे दोन्ही शालू ओलांडून खाली आली आणि पायरीवर बसली. पाठ दुकानाकडे, तोंड रस्त्याकडे.

शालूंवर मतं देणारे सगळे तिच्याकडे बघायला लागले. आमच्या दुकानाच्या पायऱ्यांवर आत्या बसल्या, मामा बसले, एकदा तर लग्न जुळवणारा मध्यस्थ बसला. नवरी कधी बसली नव्हती. नवरीनं रुसायची आमच्याकडे रीतच नाही. तिनं खाली मान घालून बसायचं आणि जे अंगावर टाकतील ते छान आहे म्हणायचं. तिची आई “प्राजू, उठ, लोक बगत्यात” असं दातओठ खात म्हणाली. नवरदेव उगाच टॉवेलच्या कप्प्याकडे बघत उभा राहिला. माझेही सगळे नियम तिथे संपले होते. नवरीच्या वयाचं, नवरीच्या बरोबरीचं असं खाली बसायला पाठवायचं कुणाला?

कौसाआत्या बाजूला सरकली. पायरीवर हात आपटून तिनं मुलीला जवळ बोलावलं. “ये. अशी माज्याशेजारी बस. काय झालं गं?”

“काय न्हाय.”

“रुसनाऱ्यानं काय न्हाय म्हणायचं नसतं. म्यां आयुष्यभर रुसलीया, मला इचार. सांग.”

प्राजक्ता म्हणाली, “एक त्यांच्या आईचा रंग, एक माज्या आजीचा. दोन्ही चांगलंच हाईत. पर मला कुणी इचारलंच न्हाय.”

आत्यानं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता स्फोट होतो. पण ती म्हणाली, “खरं हाय. मी इतकी रुसली ती मला इचारलं न्हाय म्हणून, आन् ह्या लेकराला म्यां तरी कुठं इचारलं? बोल गं. कुठला पायजे?”

“शेवाळी.”

“शेवाळी?” आत्या किंचाळलीच. “इहिरीतलं शेवाळ अंगाला गुंडाळून बोहल्यावर चढणार?”

“बगा तरी आत्या एकदा,” प्राजक्ता म्हणाली.

टेम्पोतल्या मालात शेवाळी शालू आहे का, ते बघायला मी उठले. पण सायली आधीच आत पळाली होती. तिनं खालून तिसरा गठ्ठा सोडला, शालू काढला आणि ओट्यावर येऊन, गादीवरच्या जुन्या माणसांसारखा एका झटक्यात उलगडला. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. उन्हात तो गडद हिरवा रंग उजळला आणि काठाची जर लखलखली. कौसाआत्या पायरीवरून उठली, वर गेली, पदर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“डोळ्याला गार वाटतंय,” ती म्हणाली. मग भाच्याकडे वळून ओरडली, “आरं, टावेल काय बगतुयास? हिकडं बग!”

शालू शेवाळी ठरला. लाल शालू आत्यानं हळदीसाठी घेतला आणि गुलाबी आबांनी, आपल्या पैशानं, नातीसाठी. पुढची मानपानाची खरेदी इतकी सुरळीत झाली की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुपार कलल्यावर गाठोडं बांधलं, नारळ ठेवला. गाठ आत्या आणि आबा या दोघांनी मिळून मारली.

मंडळी गेल्यावर सायली आणि मी पायऱ्यांवर बसलो. उरलेला चहा थंड झाला होता, तोच प्यायलो.

“ताई, बिल्डरला मी आज फोन करते,” ती म्हणाली.

मी पायरीच्या दगडावर हात ठेवला.

“मागची गोदामाची जागा तेवढी देते त्याला. पुढचं दुकान नाही.” तिनं कप खाली ठेवला. “भावनेच्या भरात बोलत नाहीये. आज या ओट्यावर रस्त्यातली माणसं उगाच मत द्यायला आली आणि खरेदी करून गेली. शोरूममध्ये कुणी असं शिरत नाही. आणि रुसलेलं माणूस लिफ्टनं खाली गेलं की संपलं. इथे आपण फक्त बस्ता करायचा. दुसरं काहीच नाही.”

“आणि शोरूमला पायऱ्या?”

“बांधणार. पण शेजारी रॅम्पही ठेवणार. सगळ्यांचे गुडघे कौसाआत्यांसारखे नसतात.”

मला पणदऱ्याच्या, माळेगावच्या, निमगाव केतकीच्या पायऱ्या आठवल्या. तिथे असा दिवस वेळेवर आला नाही, याची हळहळ मला आहे आणि राहील. पण एका दुकानाच्या तरी राहिल्या. मी सायलीच्या पाठीवरून हात फिरवला. तिला माझं रडणं दिसू नये म्हणून रस्त्याकडे तोंड केलं.

दसऱ्याला दुकान पुन्हा उघडलं. काचेची कौलं धुऊन लावली होती, गादीला नवीन कापूस भरला होता. मी सवयीनं गादीच्या आतल्या बाजूला, विकणाऱ्यांच्या जागेवर जाऊन बसले. सायली म्हणाली, “तिथे नाही. समोर बसा. आज भवानी तुमच्या हातची.” भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. मला वाटलं, एखादं गिऱ्हाईक मी करून द्यायचं. पण तिला मीच गिऱ्हाईक हवे होते.

दुकानात असताना मी दुकानाची निळी-करडी साडी नेसायचे, सगळ्या कामगार बायकांना एकसारखी. घरी नेसायला सणाला मागे उरलेल्या मालातली एखादी मिळायची. तिचा जो रंग असेल तो माझा रंग. वाईट कधी वाटलं नाही, कारण मनात तसं काही आलंच नाही. आता मी समोर बसले. नव्यानं लागलेली विक्रेती मुलगी गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघून हसली आणि तिनं विचारलं, “ताई, कोणता रंग दाखवू?”

हा प्रश्न मी किती बायकांना विचारला असेल! सगळे रंग मला तोंडपाठ होते, कोणता कुणाला शोभेल हे मी झोपेत सांगितलं असतं. माझा कोणता, ते ठाऊक नव्हतं. मुलगी थांबून राहिली, घाई केली नाही. शेवटी तिनं आपल्या मनानं एक अबोली काढली, बाहेर ओट्यावर नेली आणि उन्हात माझ्या खांद्यावर टाकली. रस्त्यातले चारजण थांबले. एकजण म्हणाला, मस्त. केशकर्तनालयवाला म्हणाला, हीच घ्या बाई, शोभतीया. सायलीनं मान डोलावली.

मी पदर हातात घेऊन पाहिला. उन्हात धरला. साडी चांगली होती, कुणालाही दिली असती.

“ही नको,” मी म्हणाले. “दुसरी दाखव.”